कुत्र्याला कच्च्या आहारावर आणताना: कॅल्शियम आधी, मांस नंतर

कच्चा आहार म्हणजे रोज वाडग्यात अर्धा किलो मांस टाकायचं, अशा समजुतीने सुरुवात करणारे पुष्कळ आहेत. कुत्रा खूश असतो, वाडगा चाटूनपुसून साफ करतो आणि पहिले काही आठवडे सगळं उत्तम चाललंय असं वाटतं. बिघाड उशिरा दिसतो, कारण तो हाडांच्या आत होत असतो. मांसात फॉस्फरस भरपूर असतो, पण कॅल्शियम जवळजवळ नसतंच. फॉस्फरसच्या तुलनेत पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतकं. कुत्र्याच्या शरीराला मात्र दोन्ही साधारण सारखं, किंबहुना कॅल्शियम थोडं जास्तच लागतं. बाहेरून मिळालं नाही की रक्तातली पातळी सांभाळायला शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. मोठा कुत्रा हे बरेच महिने अंगावर काढतो. वाढत्या पिल्लाची हाडं मात्र इतकी पातळ होतात की सोफ्यावरून उडी मारतानाही पाय मोडतो.

म्हणून मांस कुठलं घ्यावं यापेक्षा हिशोबाला आणि स्वच्छतेला या लेखात जास्त जागा दिली आहे. रोज तराजू काढायचा ज्यांना आत्ताच कंटाळा आलाय, त्यांनी चांगलं, पूर्ण पोषणाचं तयार खाद्य द्यावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

आधी ठरवा, द्यायचा की नाही

कच्च्या आहाराचं वेड पसरलं ते १९९०च्या दशकात, ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या लिखाणानंतर. त्यांच्या पद्धतीला ‘बार्फ’ म्हणतात. तिच्यात मांस, हाडं आणि अवयवांबरोबर थोड्या भाज्याही असतात. दुसरी पद्धत ‘प्रे मॉडेल’, म्हणजे शिकारीच्या अख्ख्या शरीराची नक्कल. तिच्यात भाज्या नसतात.

दोन्हींच्या समर्थनार्थ ‘कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते अर्धवट खरं आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की माणसाबरोबर राहता राहता कुत्र्यांच्या जनुकांमध्ये बदल झाले आणि स्टार्च पचवण्याची त्यांची क्षमता लांडग्यांपेक्षा बरीच वाढली. भात किंवा भोपळा कुत्र्याला विषासमान आहे, असं कुणी सांगितलं तर ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्या.

कच्च्या आहाराने काय बदलतं? विष्ठा कमी आणि घट्ट होते, कारण न पचणारा भाग कमी असतो. कुत्रा पाणी कमी पितो, कारण मांसात साधारण ७० टक्के पाणी असतं आणि कोरड्या खाद्यात जेमतेम १०. खायला कुरकुर करणारे कुत्रे आवडीने खाऊ लागतात. ॲलर्जी, सांधेदुखी, कर्करोग सगळं बरं होतं, हे दावे मी तरी बाजूला ठेवतो.

धोक्याची बाजूही तितकीच स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या मांसाहाराच्या विरोधात अधिकृत भूमिका घेतली. तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात तयार कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले, तेव्हा १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हे माणसालाही आजारी पाडणारे जिवाणू सापडले. कुत्रा स्वतः ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला बाहेर पडत राहू शकतो. म्हणजे प्रश्न एकट्या कुत्र्याचा नाही, घरातल्या सगळ्यांचा आहे.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर स्त्री, वयस्कर माणूस किंवा केमोथेरपी, स्टेरॉइड अशा उपचारांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर कच्चं नको. इथे ‘आम्ही काळजी घेऊ’ हे उत्तर पुरत नाही. अशा घरांत हेच सगळं शिजवून, हाडाऐवजी कॅल्शियमची पूड घालून देता येतं आणि बहुतेक फायदे तसेच मिळतात. कुत्र्याला स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असेल, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल, स्टेरॉइड चालू असतील, तरीही कच्च्याचा विचार सोडा.

हे सगळं चाळून झालं की पशुवैद्याकडे जा. वजन, विष्ठेची तपासणी, दात आणि साधी रक्ततपासणी सुरुवातीलाच करून ठेवा. पुढे काही बदललं तर तुलना करायला हातात काहीतरी असतं.

रोजचं प्रमाण

ढोबळ नियम असा की प्रौढ कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के कच्चं अन्न. अगदी लहान जातींना ४ टक्क्यांच्या पुढेही लागतं, कारण लहान शरीर वजनाच्या मानाने जास्त ऊर्जा खर्चतं. मोठ्या, सुस्त, नसबंदी झालेल्या कुत्र्याला २ टक्क्यांतच भागतं. हिशोब त्याच्या योग्य वजनावर करायचा, आजच्या वजनावर नाही. ३० किलोच्या लठ्ठ कुत्र्याचं खरं वजन २५ असायला हवं असेल तर २५ धरा.

आता त्या प्रमाणाची फोड. प्रे मॉडेलमध्ये ती ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के इतर स्रावी अवयव (गुर्दे, प्लीहा वगैरे) अशी असते. २० किलोच्या कुत्र्याला २.५ टक्क्यांनी रोज ५०० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साडेतीन किलो लागेल. त्यात मांस २८०० ग्रॅम, हाड ३५० ग्रॅम, कलेजी १७५ ग्रॅम आणि इतर अवयव १७५ ग्रॅम.

इथेच नवखे अडखळतात. ३५० ग्रॅम हाड म्हणजे ३५० ग्रॅम कोंबडीचे पंख नव्हेत. पंखात साधारण ४५ टक्केच हाड असतं, बाकी मांस आणि कातडी. ३५० ग्रॅम हाड मिळायला जवळजवळ ७८० ग्रॅम पंख लागतात आणि त्यांच्यासोबत ४३० ग्रॅम मांसही येतं. ते २८०० मधून वजा करायचं. उरलेलं बिनहाडाचं मांस मग २३७० ग्रॅम होतं. कोंबडीच्या पायांत हाडाचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास, तंगडीत एक तृतीयांशाच्या आसपास. हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण एका कागदावर मांडून फ्रीजवर चिकटवून ठेवलेत तर रोज डोकं खाजवावं लागत नाही. प्रत्येक वाडगा काटेकोर जुळायची गरज नसते, आठवड्याचा हिशोब जुळला की पुरे.

हृदय आणि गिझर्ड (कोंबडीची पेटी) यांना पुष्कळ जण अवयवांत मोजतात. पोषणाच्या हिशोबात ते स्नायूच आहेत, तेव्हा मांसात धरा. ‘इतर अवयव’ म्हणजे गुर्दे, प्लीहा, स्वादुपिंड.

चरबीकडेही लक्ष असू द्या. स्वस्तात मिळालेले चरबीचे तुकडे आणि कातडी भरभरून दिली तर कुत्रा लठ्ठ होतोच, शिवाय स्वादुपिंडाचा दाह होण्याची भीती असते. सुरुवातीला कातडी काढलेलं, कमी चरबीचं मांसच घ्या.

हाडं: कुठली, कशी, कुणाला

शिजवलेलं हाड कधीच द्यायचं नाही. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं, मोडताना त्याच्या अणकुचीदार चिपा होतात आणि त्या घशापासून आतड्यापर्यंत कुठेही रुतू शकतात. उकडलेलं, भाजलेलं, वाळवून कडक केलेलं, सगळंच बाद.

कच्चं हाडही सरसकट चालत नाही. कोंबडीचे पंख, मान, पाय अशी मऊ हाडं चावून गिळता येतात. मोठ्या जनावराच्या पायाची नळी मात्र खाण्याजोगी नसते. ती इतकी टणक असते की दात तुटतात, विशेषतः वरच्या जबड्यातली मागची मोठी दाढ, जिच्यावर चावण्याचा सगळा भार असतो. दाढेचा पापुद्रा उभा निघाला की नस उघडी पडते आणि भूल देऊन दाढ काढावी लागते. नळीच्या आडव्या कापलेल्या चकत्या तर खालच्या जबड्यात बांगडीसारख्या अडकून बसतात. खाटकाने फुकट दिली तरी नळी घरी आणू नका.

हावरट कुत्र्यासमोर पंख ठेवला की तो अख्खा गिळायला जातो. अशांना तोंडापेक्षा मोठा तुकडा द्यायचा, अर्धवट गोठलेला असेल तर आणखी बरं, म्हणजे चावावाच लागतो. किंवा दुसरं टोक हातात धरून ठेवायचं. हाड खाताना समोर बसायचं, मोबाइलमध्ये डोकं घालून नाही. चपट्या तोंडाच्या जाती, दात पडलेले म्हातारे कुत्रे आणि चावायचं नावच न घेणारे, या सगळ्यांसाठी हाडासकट केलेला खिमा हाच उपाय.

हाडाशिवायही आहार पूर्ण करता येतो आणि नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. अंड्याची टरफलं धुवून, ओव्हनमध्ये वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी बारीक करायची. एक ग्रॅम पुडीत साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एक किलो बिनहाडाच्या मांसाला ५ ते ६ ग्रॅम पूड लागते, म्हणजे ५०० ग्रॅम खाणाऱ्या आपल्या कुत्र्याला रोज सुमारे ३ ग्रॅम. चमच्याच्या अंदाजाने घालू नका, बारीक तराजूवर मोजा. ज्या वाडग्यात हाड आहे त्यात टरफलाची पूड घालायची नाही, नाहीतर कॅल्शियम दुप्पट होईल.

मानेच्या मांसाबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मोठ्या जनावराच्या गळ्याच्या भागात थायरॉइड ग्रंथी असते आणि कापताना ती मांसाबरोबर येऊ शकते. ती वारंवार पोटात गेली की कुत्र्याच्या रक्तातलं थायरॉइडचं प्रमाण वाढतं. तो उगाच बेचैन होतो, धापा टाकतो, खाऊनही बारीक होत जातो. खाद्य बदललं की हे बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. श्वासनलिका, घसा, मानेचा खिमा रोजच्या खाण्यात ठेवू नका.

कलेजी

कलेजीत जीवनसत्त्व अ प्रचंड असतं आणि तांबंही. ५ टक्के ही मर्यादा म्हणूनच आहे. ‘कलेजी पौष्टिक’ म्हणून रोज वाटीभर देणारे लोक असतात. जीवनसत्त्व अ शरीरात साठत जातं, त्यामुळे अति तिथे माती हे कलेजीइतकं दुसऱ्या कशालाच लागू नसेल. बराच काळ जास्त झालं तर हाडांवर गाठी येऊन मान-सांधे आखडतात. उलट कलेजी अजिबात दिली नाही तर जीवनसत्त्व अ पुरेसं मिळायला दुसरी सोपी सोय नसते. आठवड्याची १७५ ग्रॅम कलेजी एकाच दिवशी दिली तर जुलाब होतील, रोज २५ ग्रॅमचा तुकडा बरा.

उरलेल्या फटी

मांस, हाड, कलेजी जुळलं तरी काही घटक कमीच पडतात: जस्त, मँगनीज, आयोडीन, जीवनसत्त्व ड आणि ई. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी घरगुती कुत्रा-खाद्याच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला, आणि पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतीही त्यात होत्या. ‘आज हे, उद्या ते दिलं की आपोआप संतुलन होतं’ या भरवशावर राहू नका. प्रत्येक पाककृतीत जस्त कमी असेल तर त्या आलटून पालटून दिल्याने जस्त येणार कुठून?

व्यवहारात असं करा. आठवड्यातून दोन-तीनदा सार्डिनसारखा लहान, तेलकट मासा द्या. त्यातून ओमेगा-३ आणि जीवनसत्त्व ड मिळतं. डब्यातला मासा घेतला तर मीठ-मसाला नसलेला, पाण्यातला घ्या. माशाचं तेल वाढवलं की जीवनसत्त्व ईची गरजही वाढते, ते विसरू नका. काही गोड्या पाण्यातल्या माशांत, उदाहरणार्थ कार्प कुळातल्या, थायमिन (जीवनसत्त्व ब-१) नष्ट करणारा पाचकरस असतो. ते रोज कच्चे देऊ नयेत. शिजवले की तो निकामी होतो. कच्चा सामन (सॅमन मासा) टाळाच: उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या सामनमधल्या एका परजीवीतून कुत्र्यांना येणारा आजार उपचार न मिळाल्यास जीव घेतो. अंडं अधूनमधून पिवळ्या बलकासकट चालतं. नुसतं कच्चं पांढरं रोज देऊ नका.

जस्त, मँगनीज, आयोडीन यांच्या गोळ्या किंवा पूड किती द्यायची हे पशुवैद्यकीय पोषणतज्ज्ञाकडून लिहून घ्या. संपूर्ण कच्च्या आहाराचा हा एकच खर्च मी टाळू नये म्हणेन. हस्कीसारख्या काही जातींना मुळातच जस्त नीट शोषता येत नाही. त्यांच्या डोळ्यांभोवती, तोंडाभोवती खपल्या धरू लागल्या तर आधी हेच तपासा.

भाजी द्यायची तर भोपळा, गाजर, पालेभाज्या वाफवून किंवा मिक्सरमधून काढून द्या. अख्खी दिली तर जशी गेली तशी बाहेर येते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, मॅकाडेमियाचे दाणे आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेलं काहीही कुठल्याच वाडग्यात जाता कामा नये, कच्च्याही आणि शिजवलेल्याही.

चार आठवड्यांचा बदल

काही जण जुनं खाद्य एका दिवसात बंद करून सरळ कच्च्यावर आणतात. धडधाकट, तरुण कुत्र्यात हे निभावतंही. पण काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही, म्हणून मी हळू जाण्याच्या बाजूचा आहे. एका वेळी एकच नवी गोष्ट, हा नियम बाकी सगळ्या नियमांच्या वर ठेवा.

पहिल्या आठवड्यात तीन हिस्से जुनं खाद्य आणि एक हिस्सा नवं. नवं म्हणजे एकाच प्राण्याचं, बिनहाडाचं, कमी चरबीचं मांस, बाकी काही नाही. जुनं आणि नवं एकाच वाडग्यात मिसळलं तरी चालतं. ‘दोन्ही वेगवेगळ्या वेगाने पचतं, एकत्र दिलं की सडतं’ हे भीती घालणारं वाक्य आहे, त्याला आधार नाही. तरी पोट नाजूक असेल तर सकाळी एक, संध्याकाळी दुसरं असं वाटून द्या.

दुसऱ्या आठवड्यात निम्मंनिम्मं. आता कच्च्या हिश्श्यात हाडाचा खिमा किंवा टरफलाची पूड येईल. मांस तेच, पहिल्या आठवड्यातलं.

तिसऱ्या आठवड्यात तीन हिस्से कच्चं आणि कलेजीची सुरुवात. सुरुवात म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा. दोन-तीन दिवस काही झालं नाही तर दुप्पट करा. वासामुळे काही कुत्रे कलेजीला तोंड लावत नाहीत. तव्यावर दोन्ही बाजूंनी जरा परतून दिली की खातात आणि पुढे हळूहळू परतणं कमी करता येतं.

चौथ्या आठवड्यात जुनं खाद्य बंद. विष्ठा घट्ट असेल तरच दुसरं मांस आणा, तेही पहिल्याच्या जागी थोडं थोडं. गुर्दे, मासा, भाज्या यानंतर एकेक करून. कुठल्याही टप्प्यावर पोट बिघडलं की पुढे सरकायचं नाही. एक पायरी मागे जाऊन तीन-चार दिवस तिथेच थांबायचं. चारऐवजी आठ आठवडे लागले तरी काही बिघडत नाही.

आणि हो, ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय, जुलाब व्हायचेच’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जुलाब म्हणजे पोट बिघडलंय, एवढाच त्याचा अर्थ.

विष्ठा बघायला शिका

पिशवीत भरायच्या आधी रोज नीट बघा. किळस चार दिवसांत जाते. ती पांढरट, कोरडी, खडूसारखी भुगा होणारी असेल आणि कुत्रा कुंथत असेल तर हाड जास्त झालंय. पुढचे दोन-तीन वाडगे बिनहाडाचे द्या. पातळ आणि गडद असेल तर बहुतेक वेळा अवयव जास्त, ते निम्म्यावर आणा. पिवळसर, चिकट, तेलकट चमक असलेली म्हणजे चरबी. वरून शेवाळासारखा चिकट थर कधीतरी दिसला तर चालतं, रोज दिसला तर आतड्याला काहीतरी सोसत नाहीये.

पण डांबरासारखी काळी, लाल रक्त असलेली, किंवा दोन दिवस कुंथूनही काहीच न होणं, यापैकी काही दिसलं तर घरी प्रयोग करत बसू नका. वारंवार उलट्या, पोट ताणलेलं, कुत्रा पाठ वाकवून उभा राहतोय, तोंडातून लाळ गळतेय आणि खात नाही, ही हाड अडकल्याची किंवा स्वादुपिंड सुजल्याची लक्षणं असू शकतात. तासाभरात दवाखान्यात.

आणखी एक लक्षण मुद्दाम सांगतो. मागचे पाय अचानक लुळे पडू लागले आणि एक-दोन दिवसांत पुढच्या पायांपर्यंत आलं, तर पशुवैद्याला कच्च्या कोंबडीबद्दल नक्की सांगा. २०१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी कच्ची कोंबडी, विशेषतः माना, आणि चेतातंतूंच्या अशा एका आजाराचा संबंध दाखवला. मागे कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू असावा असं त्यांना आढळलं. आजार विरळा आहे, पण खाण्याचा संदर्भ दिला नाही तर निदान लांबतं.

स्वयंपाकघर

गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते झोपतात. फ्रीझ-ड्राय केलेल्या महागड्या पाकिटालाही हेच लागू. तेव्हा घरात आलेलं प्रत्येक कच्चं मांस दूषित आहे असं धरूनच वागायचं.

आठवड्याचं मांस एकदाच आणा, एकाच बैठकीत तोला, दिवसाच्या पुड्या करा, त्यांवर तारीख आणि प्राण्याचं नाव लिहा आणि उणे १८ अंशांवर ठेवा. हे काम रविवारी सकाळी तासाभरात उरकतं आणि पुढचे सहा दिवस ओटा घाण होत नाही. उद्याची पुडी आज रात्री फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे पाझरलेलं पाणी दुसऱ्या कशावर पडणार नाही. ओट्यावर ठेवून वितळवायचं नाही. वितळलेलं मांस दोन दिवसांत संपवा.

मांस नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जिवाणू जात नाहीत, उलट शिंतोडे भांड्यांवर उडतात. सुरी आणि कापायची फळी कुत्र्याची वेगळी ठेवा. वाडगा स्टीलचा हवा; प्लास्टिकच्या ओरखड्यांत मांसाचा अंश राहतो. खायला वीस मिनिटं द्या, उरलेलं उचला, वाडगा गरम साबणाच्या पाण्याने धुवा आणि हात साबणाने वीस सेकंद. वाडगा ठेवलेली फरशीही पुसा, कारण कुत्रे तुकडा उचलून सतरंजीवर नेऊन खातात. म्हणूनच एका कोपऱ्यात, धुता येईल अशा चटईवर खायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. खाऊन झाल्यावर त्याला तोंड चाटू देऊ नका. घरात मांजर असेल तर तिला कच्च्या कोंबडीच्या वाडग्यापासून लांब ठेवा. बर्ड फ्लूचे विषाणू मांजरांना फार लवकर मारतात.

परजीवींच्या बाबतीत मात्र गोठवणं कामाला येतं. जनावरांच्या कलेजीत आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या फोडांसारख्या गाठी असू शकतात. त्यांना हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून माणसांपर्यंत पोचून यकृतात, फुफ्फुसात त्याच गाठी होतात. म्हणून माणसांसाठी तपासणी होऊन विकले गेलेले अवयवच घ्या, गाठ दिसली तर फेकून द्या, आणि बाकीचे उणे २० अंशांवर किमान दोन दिवस गोठवून मगच वापरा. नियमित जंताचं औषध चालूच ठेवा; किती दिवसांनी द्यायचं ते पशुवैद्याला विचारा, कारण कोरडं खाद्य खाणाऱ्या कुत्र्यापेक्षा ते जास्त वेळा लागतं.

डुक्कर आणि रानडुक्कर कच्चं देऊच नका. डुकराच्या मांसातला ट्रायकिनेला हा कृमी साधारणपणे तीन आठवडे गोठवून मरतो, पण डुकरांतला औजेस्की रोगाचा विषाणू गोठवून भरवशाने मरत नाही आणि कुत्र्यात तो जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. द्यायचंच तर पूर्ण शिजवून.

पिल्लं

पिल्लाला कच्च्या आहारावर घरच्या घरी आणू नका, विशेषतः मोठ्या जातीच्या. कॅल्शियम कमी पडलं तर हाडं पातळ होतात. जास्त झालं तर सहा महिन्यांखालच्या पिल्लाच्या आतड्याला जादाचं कॅल्शियम बाहेर ठेवता येत नाही, ते शोषलं जातं आणि सांधे वेडेवाकडे वाढतात. प्रौढ कुत्र्याला चालून जाणारी चूक इथे कायमची होते. पोषणतज्ज्ञाने त्या पिल्लासाठी, त्या वजनासाठी लिहून दिलेला आणि दर काही आठवड्यांनी बदलला जाणारा तक्ता असेल तरच पुढे जा. नाहीतर वाढ पूर्ण होईपर्यंत पिल्लांचं तयार खाद्य.

पुढचे महिने

पहिला महिना दर आठवड्याला वजन करा, पुढे महिन्यातून एकदा. शरीर हाताने तपासायची एक सोपी रीत आहे: हात पालथा ठेवून बोटांच्या मुळाशी चाचपून बघा आणि मग बरगड्या. तशाच लागल्या तर वजन ठीक. मूठ वळल्यावर लागतात तशा टोकदार लागल्या तर अन्न १० टक्के वाढवा. तळहातासारखं मऊ लागलं तर तितकंच कमी करा.

सहा महिन्यांनी रक्त आणि विष्ठा पुन्हा तपासून घ्या, नंतर वर्षाला. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या रक्तात युरिया थोडा वर दिसतो, क्रिएटिनिनही कधीकधी. कुत्रा काय खातो हे तपासणीआधीच सांगितलंत तर मूत्रपिंडाची नाहक भीती टळते. मात्र आकडे दर वेळी चढत असतील तर ‘कच्च्यामुळेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि काही काळाने हे जमत नाही असं वाटलं, घरात बाळ आलं, वारंवार प्रवास सुरू झाला किंवा कुत्र्याला चार दिवस दुसऱ्याकडे ठेवायची वेळ आली, तर परत फिरायची वाटही तीच आहे: चार हिश्श्यांतला एक हिस्सा बदलायचा आणि विष्ठा घट्ट राहिली तर पुढचा. त्यासाठी जुनं खाद्य पूर्ण बंद झाल्यावरही महिन्यातून एखाद्या वेळी मूठभर देत राहा. पोटाला त्याची सवय राहते आणि अडीअडचणीला कुत्रा त्याच्याकडे पाठ फिरवत नाही.